तलावावरचा सेलिंग क्लब

तलावावरचा सेलिंग क्लब म्हणजे समुद्रापासून लांब असलेल्या गावात, जुन्या तलावाच्या किंवा धरणाच्या पाण्यावर छोट्या शिडाच्या बोटी चालवणाऱ्या लोकांनी मिळून चालवलेली संस्था. इंजिन नाही, वल्हं अडीअडचणीला, बाकी सगळा खेळ वाऱ्याचा. क्लब म्हटलं की आपल्याला लॉन, बार आणि पांढरे बूट घातलेले साहेब दिसतात, पण तलावावरचे बरेचसे क्लब पत्र्याची शेड, चार ट्रॉल्या, दोऱ्यांचा गुंता आणि या रविवारी कोणाची कोणती ड्युटी याची भिंतीवर चिकटवलेली यादी, एवढ्यावर चालतात. माझ्या मते त्यातली यादी सगळ्यात महत्त्वाची, बोटी नंतर. कारण शिडाच्या शर्यतीत पाण्यावर जितकी माणसं मजा करतात, साधारण त्याच्या निम्मी तरी काठावर आणि रेस्क्यू बोटीत राबत असतात आणि ती रोज पगारी आणायची तर कोणाच्याही बापाला परवडणार नाही.

नागपूर देशाच्या मधोमध, झिरो माइलचा दगड इथेच, मुंबईचा समुद्र ८०० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे नागपूरकराला शीड म्हटलं की कोकण आठवतं, फार तर शाळेच्या पुस्तकातले कान्होजी आंग्रे. पण सेलिंगला समुद्र लागतोच असं काही नाही. याचं उदाहरण शेजारीच आहे, रेल्वेने सहा-सात तासांवर. भोपाळच्या बड्या तलावावर शिकलेली नेहा ठाकूर, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोर, तिने २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आयएलसीए-४ या एकट्याने चालवायच्या बोटीच्या प्रकारात सिल्व्हर आणलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. मध्य प्रदेशलाही समुद्र नाहीच की.

इतिहास म्हणाल तर जगातला सगळ्यात जुना समजला जाणारा क्लब आयर्लंडमधल्या कॉर्कचा, १७२० चा. आपल्याकडे इंग्रजांसोबत हे लोण आलं, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, पण पुढे डोंगरातल्या आणि पठारावरच्या पाण्यावरही साहेब लोकांनी हौस भागवून घेतली, नैनितालला १९१० मध्ये यॉट क्लब झाला, सिकंदराबादला तर हुसेनसागरच्या पाण्यावर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कुतुबशाही तलावावर, शिडं लागली. हे क्लब तेव्हा गोऱ्यांचेच होते, आपली माणसं बोटी ओढायला. स्वातंत्र्यानंतर ही गादी बऱ्याच अंशी लष्कराकडे आली आणि आजही भारतातल्या सेलिंगचा मोठा भार आर्मी आणि नेव्हीच उचलतात, हैदराबादचा पावसाळ्यातला सेलिंग वीक हा त्यातलाच. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया १९६० ची. ऑलिम्पिकला क्वालिफाय झालेली पहिली भारतीय महिला सेलर नेत्रा कुमानन, टोकियोसाठी, ती चेन्नईची, म्हणजे समुद्राकाठची, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

बोटी आणि त्यांचा गरिबीतला जन्म

साहेबांचा खेळ हा शिक्का पुसायला खरी मदत केली ती स्वस्त बोटींनी. ऑप्टिमिस्ट नावाची लहान मुलांची बोट, समोरून चपटी, पेटीसारखी दिसणारी, ती १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्सने काढली. अट अशी होती की गावातल्या पोरांना बापाच्या मदतीने घरी बनवता आली पाहिजे आणि ५० डॉलरच्या आत बसली पाहिजे. प्लायवुडच्या दोन शीटमध्ये त्याने ती बसवली. लांबी जेमतेम २.३ मीटर, १५ वर्षांपर्यंतची मुलं हीच चालवतात आणि जगातले निम्मे नावाजलेले सेलर हिच्यातच पहिल्यांदा पाण्यात पडलेत म्हटलं तरी चालेल. १९६२ ची मिरर बोटही तशीच, ब्रिटनमध्ये एका पेपरने पुढाकार घेऊन लोकांना घरी जोडता येईल अशी किट काढली, प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यावर रेझिन-फायबरची पट्टी मारायची. आपल्याकडे जास्त दिसते ती एंटरप्राइझ, १९५६ ची, दोन माणसांची, ४ मीटर लांब आणि ओळखायची खूण म्हणजे निळं शीड. एनसीसीच्या नेव्हल विंगमधून गेलेल्या कोणालाही विचारा, या बोटीचं नाव काढलं की तळहात दाखवतो. आणि एकट्याने चालवायची ती लेझर, १९६९ मध्ये फोनवर गप्पा मारताना डिझायनर ब्रूस कर्बीने कागदावर रेघोट्या मारल्या त्यातून निघालेली, हल्ली आयएलसीए म्हणतात, सांगाडा ५९ किलोचा, गाडीच्या टपावर बांधून नेता येतो.

नागपूरचं पाणी

नागपूर तसं तलावांचंच गाव, हे आपण विसरून बसलोय. गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव, गोंड राजा चांद सुलतानच्या वेळचा. फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, ही नावं भोसलेकाळाशी जोडलेली. अंबाझरी १८७० चा, शहराला पाणी पाजायला बांधलेला. यातले काही आता इतके आकसलेत की ऑप्टिमिस्ट फिरवायची म्हटली तर दोन टॅकमध्ये, म्हणजे दोन वळणांत, भिंत लागेल. शिडाला मोकळं पाणी लागतं आणि आजूबाजूला उंच बिल्डिंगा नकोत. त्या हिशोबाने शहरात नाव घ्यावं असं अंबाझरीच, आणि बाहेर रामटेकजवळचा खिंडसी, साधारण ५० किलोमीटर, तिथे पर्यटकांची बोटिंगही चालते. अंबाझरीवर एनसीसीच्या नेव्हल विंगचे कॅडेट वल्हवायला शिकतात, पुलिंग म्हणतात त्याला, व्हेलर नावाची २७ फुटी जड लाकडी बोट आणि एका लयीत पडणारी वल्ही. नागपुरात पाण्यावरची शिस्त, गाठी, लाइफ जॅकेट नीट बांधणं हे ज्यांना येतं त्यातले बरेच जण या रस्त्यानेच आलेत. त्यामुळे इथे सेलिंग क्लबची गोष्ट निघाली की ती कॉलेजच्या खाकी-पांढऱ्या युनिफॉर्मपासून सुरू होते, विलायती क्लबापासून नाही.

त्याच्याही आधीची माणसं म्हणजे ढिवर आणि भोई. विदर्भात तलावातली मासेमारी, शिंगाड्याची शेती, डोंगा चालवणं हे यांचं पिढीजात काम, आज ते मच्छीमार सोसायट्यांमधून ठेक्याने चालतं. सेलिंगवाल्यांनी यांच्याशी जमवून घेतलं नाही तर खेळ पहिल्याच महिन्यात बंद, कारण पाण्याखाली जाळं कुठे पसरलंय ते वरून दिसत नाही आणि बोटीच्या पोटातून खाली सोडलेली पाटी, सेंटरबोर्ड, ती जाळ्यात अडकली की जाळंही फाटतं आणि बोटही जागच्या जागी थांबते. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी काठावर "काका, आज जाळं कुठल्या अंगाला आहे?" एवढं विचारायचं आणि बोया, म्हणजे शर्यतीच्या तरंगत्या खुणा, त्या जागेपासून लांब टाकायच्या. आणखी एक, पाणी कुठे उथळ आहे, तळाशी जुनी झाडाची खुंटं कुठे आहेत, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्या काकांना जास्त माहीत असतं. वारसा म्हणून भिंतीवर फोटो लावायचे असतील तर पहिला डोंग्याचा लावावा.

वारा

समुद्रावरचा वारा एका दिशेने, एका जोराने बराच वेळ वाहतो. तलावावरचा वारा लहरी. झाडांवरून, टेकडीवरून, होस्टेलच्या बिल्डिंगवरून वळसे घेत येतो, पाच मिनिटांत दोनदा दिशा बदलतो आणि मधेच असा पडतो की शीड नुसतं लटकतं. समुद्रावर शिकलेले लोक इथे येऊन वैतागतात, पण डोळा तयार होतो तो इथेच. पाण्यावर काळपट सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की तो झोत आहे, तो पोचायच्या आत शरीर बाहेर टाकून तयार राहायचं, नाहीतर बोट आडवी.

नागपुरात हिवाळ्याच्या सकाळी वारा जवळजवळ नसतोच, नवशिक्यांना बरं. मे महिन्यात दुपारी गरम झोत सुटतात पण ४५ डिग्रीत ॲल्युमिनियमची डोलकाठी हाताला चटका देते आणि पाणीही तळाला गेलेलं, काठावर शंभर पावलं नुसता चिखल. खरा वारा जून-जुलैचा, पश्चिमेकडून, आणि इथेच खबरदारी लागते कारण अंबाझरीची पाळ आणि सांडवा पूर्वेच्या, शहराच्या अंगाला आहे, म्हणजे दोरी तुटली, सुकाणू निघालं तर वारा बोटीला सरळ पाळीच्या दगडांवर नेऊन आपटणार. तलाव भरून वाहत असेल तर त्या अंगाला बोट न्यायचीच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरीचं पाणी खालच्या वस्त्यांमध्ये घुसलं, तेव्हापासून सांडवा या शब्दाला नागपुरात वजन आलंय.

आणि जलकुंभी. ती सुकाणूला गुंडाळली की बोट बैलगाडीसारखी चालते. क्लबचं एक काम म्हणूनच गाळ-कचरा काढणं हेही असतं, पहिल्या सीझनला उत्साहाने होतं, दुसऱ्या सीझनला तेच चौघे येतात.

रविवार

सकाळी बोटी ट्रॉलीवरून उतरतात, डोलकाठ्या उभ्या होतात, शिडं चढतात. मोठी माणसं आपापल्या बोटीत गुंग, म्हणून लहानांच्या दोऱ्या तपासायला कोणीतरी ताई-दादा ठेवलेला असतो, दोरीच्या टोकाला आठाची गाठ आहे का, लाइफ जॅकेटची खालची पट्टी लावली का, बोटीची बुचं बसवली का. बूच विसरणारा प्रत्येक क्लबात एक असतोच. शर्यतीची सुरुवात बघण्यासारखी. दोन खुणांमधली एक अदृश्य रेघ, पाच मिनिटं बाकी असताना एक झेंडा वर जातो, चार मिनिटांना निळ्या पट्टीत पांढरा चौकोन असलेला दुसरा, एक मिनिट राहिलं की तो खाली, आणि शून्याला पहिलाही खाली. सोबत शिट्टी किंवा भोंगा वाजतो पण वेळ झेंड्यावरूनच धरायची, शिट्टी अडकली तरी चालतं. बोटींना ब्रेक नसतो, त्यामुळे सगळे त्या रेघेमागे घुटमळत, एकमेकांवर ओरडत फिरत असतात. वारा ज्याच्या उजव्या अंगाने येतो त्याचा हक्क पहिला, तो "स्टारबोर्ड!" असं ठणकावतो आणि समोरच्याने निमूट वळायचं. पहिल्याला १ पॉइंट, दुसऱ्याला २, शेवटी ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला.

अशा शर्यतीत पाण्यावर अंपायर नसतो. नियम मोडला तर स्वतःच बोट दोनदा गोल फिरवायची, बोयाला धडकलात तर एकदा. नाही फिरवली तर दुसरा ओरडून प्रोटेस्ट घेतो आणि मग संध्याकाळी शेडमध्ये खुर्च्या मांडून सुनावणी, टेबलावर मिठाच्या-मिरपुडीच्या डब्या बोटी म्हणून सरकवत. गंमत अशी की ज्याच्याविरुद्ध प्रोटेस्ट घेतला त्याच्याच गाडीच्या ट्रॉलीवर आपली बोट घरी जायची असते, त्यामुळे बहुतेक भांडणं सुनावणीआधीच तर्री-पोह्यावर मिटतात. रुलबुकातला अगदी पहिला नियम मात्र शर्यतीचा नाहीच, संकटात असलेल्याला मदत करायची हा आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या नंबरवर असताना शर्यत सोडून सिंगापूरच्या बुडणाऱ्या सेलरकडे वळला, ज्युरीने त्याला त्या शर्यतीत दुसराच नंबर दिला.

उलटणं हा अभ्यासक्रमाचाच भाग. पहिल्या आठवड्यात मुद्दाम उलटवतात. बोट आडवी झाली की पोहत मागून जायचं, बाहेर निघालेल्या सेंटरबोर्डवर उभं राहायचं, काठ धरून मागे झुकायचं, हळूहळू शीड पाण्यातून सुटतं आणि बोट एकदम उभी होते, तेव्हा डोक्याला आडवा दांडा लागणार नाही हे बघायचं. उथळ तलावात वेगळीच भानगड, बोट पूर्ण पालथी झाली की डोलकाठीचं टोक चिखलात रुतून बसतं. म्हणून नवशिक्यांच्या डोलकाठीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधतात. दिसायला अगदी गावठी, काम चोख.

डागडुजी, पैसा, परवानगी

गोड्या पाण्याचा एक मोठा फायदा, मिठाने लोखंड-पितळ खात नाही, त्यामुळे समुद्रकाठी गंजून जाणारं सामान इथे कितीतरी जास्त टिकतं. शत्रू ऊन. शिडाचा कपडा आणि दोऱ्या उन्हात कुजतात, फायबरचा रंग खडूसारखा सुटतो, त्यामुळे बोट ताडपत्रीखाली आणि शीड गुंडाळून शेडमध्ये, हा नियम. मे महिना डागडुजीचा, फायबरचे तडे घासून रेझिन भरायचं, आणि हे काम येणारा माणूस क्लबात अध्यक्षापेक्षा मोठा असतो. बोटी हातोहात फिरतात, पोरगं ऑप्टिमिस्टमधून मोठं झालं की बोट धाकट्याला किंवा दुसऱ्याच्या घरी जाते, बोटीच्या मागे जुन्या मालकांची नावं एकावर एक रंगवलेली दिसतात.

तलाव कोणाचा यावर परवानगी अवलंबून, महापालिका, पाटबंधारे, मत्स्य विभाग, कधी तिन्ही. त्यात गणपती-दुर्गा विसर्जनाचे दिवस आले की पाणी लोकांचं. पैसा वर्गणीतून, शाळेच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरातून. सभासद व्हायला बोट असायची गरज नसते, पोहता येणं मात्र बहुतेक ठिकाणी सक्तीचं, निदान ५० मीटर कपड्यांसकट. नवीन आलेल्याने जुने बूट, टोपी आणि चष्म्याला बांधायची दोरी आणावी, पहिले काही रविवार रेस्क्यू बोटीत बसून बोया उचलायचं काम मिळतं.