मूल ठणठणीत दिसतंय, मग एचआयव्हीच्या गोळ्या कशाला?

‘पोर खेळतंय, जेवतंय. उगाच जहाल गोळ्या मागं कशाला लावायच्या? तब्येत बिघडली की बघू.’ सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडं घरची मोठी माणसं हे मायेपोटीच बोलतात. पण हा समज मुलाच्या जिवावर बेततो.

पूर्वी सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) ठरावीक आकड्याखाली उतरल्यावरच औषध सुरू व्हायचं, तेच डोक्यात बसलंय. भारतात २०१७ पासून धोरण बदललं: निदान झालं की उपचार, पेशी कितीही असोत. तान्ह्या बाळांना तर वाट बघायला सवडच नसते. उपचार न मिळालेली जवळपास निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधीच जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत लगेच औषध दिल्यावर बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

आणि जहाल म्हणाल, तर लहानग्यांसाठी आता डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी आहे. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन वाढलं की तोही बदलून घ्यायचा.

मला जास्त काळजी वाटते ती पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची. वसतिगृहात मित्रांसमोर डबी काढायची लाज वाटते, गोळी राहते. वारंवार राहिली की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. अशा पोराला रागावू नका. सरकारी एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रातल्या समुपदेशकांशी बोलून सोयीची वेळ ठरवा. औषध तिथं मोफत मिळतं. ऊसतोडीला निघणार असाल तर आधीच सांगा, पुढच्या गोळ्यांची सोय लावता येते.