‘वन-बाय’चा वाद आला कुठून?

गोव्यात मीरामारला २०१९ साली अर्ध्या पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहून आल्यावर ९० किलोमीटर सायकल, आणि पुढे २१ किलोमीटर धावणं बाकीच. तेव्हापासून पाऊस सरता सरता इथल्या सायकलवाल्यांत एक वाद ठरलेला : पुढे पेडलजवळ चेनरिंग (दातेरी चक्र) एकच ठेवायची, म्हणजे ‘वन-बाय’, की दोन?

दोन आल्या त्या मागे जागा नव्हती म्हणून. मागच्या चाकावरच्या पाच-सहा दातेरी चकत्यांत सपाटी आणि घाट दोन्ही बसवायचे, तर पुढे दुसरी रिंग हवीच. ५३ आणि ३९ दात्यांची (५३/३९) जोडी रूढ झाली, २००० नंतर हौशी लोकांसाठी ५०/३४ आली. मागच्या चकत्या वाढत अकरा झाल्या, तरी पुढची जोडी सवयीने टिकून राहिली. तिला धक्का दिला डोंगरी सायकलींनी. २०१२च्या सुमारास एकाआड एक जाड-बारीक दाते असलेली रिंग आणि चेन ताणून धरणारा मागचा डिरेलर (चेन एकीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एकत्र आले, आणि पुढच्या डिरेलरशिवायही चेन जागेवर राहू लागली. २०१५त हीच मांडणी रस्त्यावरच्या सायकलींवर आली. २०१९त बारा चकत्यांची, १० दात्यांपासून सुरू होणारी कॅसेट आली आणि वाद खऱ्या अर्थाने पेटला.

सगळा गोंधळ ‘गिअर’ या शब्दात आहे. दुकानात आपण विचारतो, किती गिअरची? पुढच्या रिंगा गुणिले मागच्या चकत्या, की झाले बावीस. हा हिशेब फसवा आहे. ५३/३९ आणि मागे ११ ते २८ दात्यांची (११-२८) अकरा चकत्यांची कॅसेट घ्या. मोठ्या रिंगेवर मागे १९ आणि छोट्या रिंगेवर मागे १४, दोन्हींचं गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे) २.७९. ५३/१५ म्हणजे ३.५३, ३९/११ म्हणजे ३.५५. पायाला फरक कळणारच नाही. छोट्या रिंगेच्या अकरा गिअरांपैकी मोठ्या रिंगेला खरोखर न जमणारे तीनच : २३, २५ आणि २८च्या चकतीवरचे. या तिघांसाठी एक रिंग, एक डिरेलर आणि हँडलवर एक जादा बटण.

उलट बाजूला ५०ची एकच रिंग आणि १०-३६ कॅसेट ठेवा. सर्वांत हलका गिअर १.३९, म्हणजे ३९/२८ इतकाच. सर्वांत जड ५.०, तर ५३/११चा ४.८२. पल्ला गेला कुठे? कुठेच नाही. गेले ते मधले टप्पे. या कॅसेटवर १३नंतर थेट १५ आणि मग १७. मिनिटाला ९० फेऱ्यांची लय धरली, तर १७वर ताशी ३३ किलोमीटर आणि १५वर ताशी ३८. आपल्यातले बरेच हौशी नेमके याच दोहोंमध्ये चालवतात. वारा समोरून आला की एका गिअरात पाय भिरभिरतात आणि दुसऱ्यात मांड्या भरतात. ‘वन-बाय’वाले पल्ल्याबद्दल तासभर बोलतील, या खिंडीबद्दल चकार शब्द नाही.

व्यावसायिकांनीही दोन्ही बाजूंना खाद्य पुरवलं. २०१८त आयर्लंडचा एक संघ एकाच रिंगेवर उतरला, त्याच वर्षी तो बंदही पडला. बंद पडण्याचं कारण रिंग नव्हे, पण टिंगल रिंगेची झाली. २०२३च्या इटलीच्या शर्यतीत मोंते लुसारीच्या चढावर एका स्लोव्हेनियन स्वाराने ४२ची एकच रिंग आणि मागे १०-४४ लावली. ‘चेन पडतच नाही’ असा लौकिक असलेल्या मांडणीची चेन भर चढावर पडली, आणि तरीही तो टप्पा त्यानेच जिंकला. यातून काय सिद्ध झालं, ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलं.

ट्रायथलॉनमध्ये आणखी एक गोष्ट होती. केबलच्या जमान्यात गिअरची दांडी एरोबारच्या (पुढे वाकून हात टेकवायच्या दांड्यांच्या) टोकाला. चढावर हात खालच्या हँडलवर असले की गिअर बदलायला एक हात सोडून पुढे न्यावा लागे. बांबोळीच्या चढावर मी हे करता करता चेन आतल्या बाजूला पाडली आहे. फ्रेमवरचा ओरखडा अजून आहे. २००९पासून आलेल्या इलेक्ट्रॉनिक गिअरांनी दोन्ही जागी बटणं दिली, आणि पुढे रिंग आपोआप बदलण्याची सोयही. म्हणजे ‘दोन रिंगांचा त्रास’ हा ‘वन-बाय’चा सर्वांत जोरदार मुद्दा, तो ऐन भरात असतानाच निम्मा बाद झाला होता. इथल्या खाऱ्या हवेत गंजणारी पुढच्या डिरेलरची केबलही त्याबरोबर गेली.

नुसती मीरामारची शर्यत धरली, तर ५० किंवा ५२ची एक रिंग आणि मागे ११-२८ पुरे. चढ आखूड. पण इथे शर्यतीची आणि रविवारची सायकल बहुतेकांची एकच. त्या मांडणीत सर्वांत हलका गिअर १.८च्या आसपास राहतो, आणि त्यावर चोर्ला घाट चढायचा म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. घाटासाठी मोठी कॅसेट लावायची तर चेनही लांब घ्यावी लागते आणि डिरेलर पुन्हा जुळवावा लागतो. शर्यतीच्या आधी तेच सगळं उलट.