हर्निया: ओपन की दुर्बिणीतून?

पोटाच्या स्नायूंच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडं वगैरे बाहेर येऊन फुगवटा होतो, तो हर्निया. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘ओपन की दुर्बिणीतून?’ बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं: ओपन म्हणजे जुनं आणि मोठं, दुर्बिणीचं म्हणजे नवं आणि किरकोळ. या समजुतीपायी काही वयस्क पेशंट स्वतःसाठी जास्त जोखमीचा पर्याय हट्टाने मागतात. म्हणून आधी तीच बघू.

कातडीवरची चीर मोजली तर दुर्बिणीचं ऑपरेशन लहानच. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र आणि त्याहून लहान दोन. पण त्यासाठी सहसा पूर्ण भूल लागते आणि आत कार्बन डायऑक्साइड भरून जागा करावी लागते. ओपनमध्ये जांघेत पाच-सहा सेंटिमीटरची चीर येते, पण तेवढाच भाग बधिर करूनही ते करता येतं. पेशंट जागा असतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जातो. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या आजोबांसाठी ही ‘मोठी’ चीरच जास्त सुरक्षित. आपल्याकडे ओपनसाठी बरेचदा कमरेत, मणक्यात भुलीचं इंजेक्शन देतात; त्यानंतर, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्यांची, लघवी अडकू शकते. त्यामुळे ‘जागेवरची भूल देऊन होईल का?’ हे सर्जनना जरूर विचारा.

कमजोर भिंतीला आधार देणारी जाळी सहसा दोन्ही पद्धतींत बसवतात. दुर्बिणीतून केलं की जाळी लागत नाही, असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. फरक आहे तो जाळीच्या जागेचा. लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या ओपन पद्धतीत जाळी स्नायूच्या भिंतीला पुढून शिवतात. दुर्बिणीतून ती भिंतीच्या मागे, पोटाच्या आतल्या पडद्याबाहेर बसते, टायरला आतून गेटर लावावं तशी. पोटातला दाबच तिला भिंतीशी धरून ठेवतो. साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची ही जाळी मांडीलगतच्या फेमोरल हर्नियाची जागाही झाकते. बायकांमध्ये तो हर्निया तुलनेने जास्त आढळतो आणि पुढून पाहताना निसटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी दुर्बिणीचा मार्ग बरा. जाळीशिवायची पद्धतही आहे, आणि ती आपल्या जवळची: पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी पोटाच्याच स्नायूच्या पातळ पापुद्र्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करण्याची रीत मांडली.

दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा ओपननंतर तो परत आला असेल, तर दुर्बीण. आधी दुर्बिणीतून केलेला परत आला असेल, किंवा प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल, तर सहसा ओपन. पहिल्याच वेळचा, एकाच बाजूचा असेल तर सर्जनचा हात कशात बसलाय याला मी सर्वांत जास्त वजन देईन. दुर्बिणीचं हे ऑपरेशन शिकायला कठीण आहे. डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातली पहिली पित्ताशयाची दुर्बीण शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून हे तंत्र इथे रुजलं. तरी हर्नियाला हात पक्का व्हायला बऱ्याच केसेस कराव्या लागतात. ‘तुम्ही अशी किती केलीत?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

बरं होण्याच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत दुर्बीण सरस. दुखणं कमी, कामावर लवकर हजर. ओपननंतर चिरेभोवतीची कातडी बधिर राहू शकते आणि काहींना जांघेतलं दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. दुर्बिणीनंतर हे तुलनेने कमी. पण दुर्बिणीनंतर आधीच्या फुगवट्याच्या जागी पाणी साचून गाठ वाटते, तेव्हा ‘हर्निया परत आला’ म्हणून माणसं घाबरतात. बहुतेकदा ते पाणी काही आठवड्यांत आपोआप जिरतं.

चालणं दोन्हीत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू. महिनोन्‌महिने पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडलाय. दुखणं सोसेल तसं रोजचं काम करावं, असं २०१८ मधली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुंबईत मात्र ‘रोजचं काम’ म्हणजे नऊची विरार लोकलही आली. खुर्चीवरच्या कामाला तुम्ही तयार असाल, पण दारातली रेटारेटी आणि कोपरांचे धक्के ताज्या जखमेवर नकोत. जमलं तर ऑफिसची वेळ पुढे-मागे करून घ्या. चाळीतले तीन जिने हळूहळू चढायला हरकत नाही. हमाली करणाऱ्यांनी ओझं कधी उचलायचं ते सर्जनना विचारूनच ठरवावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. जोर करताना जांघ फार दुखते.

‘लेझरने हर्निया, चीर नाही’ अशा जाहिरातींना भुलू नका. जांघेतल्या भिंतीतलं छिद्र लेझरने बुजत नाही.

त्रास न देणारा हर्निया असलेल्या पुरुषाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबताही येतं. पण फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर कोणती पद्धत हा विचार बाजूला ठेवून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, मग ते केईएम असो, सायन असो वा नायर. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर थोड्याच तासांत ते निकामी होऊ लागतं.