जीव भांड्यात पडतो, आणि भीती वाढते

विमान सुटायच्या आदल्या रात्री माझा एक मित्र चार-पाच वेळा हवामानाचं ॲप उघडतो. ढगांचं लाल-पिवळं ठिगळ मुंबईवर आहे की पुढे सरकलंय, हे बघत बसतो. सीट पंखाजवळचीच हवी, कारण तिथे हादरे कमी जाणवतात (हे खरंही आहे). आत शिरताना दाराशेजारच्या पत्र्याला हळूच हात लावायचा, विमान धावायला लागलं की रामरक्षा सुरू, आणि मग उतरेपर्यंत नजर एअर होस्टेसच्या चेहऱ्यावर. ती हसतेय ना? मग ठीक आहे.

हा माणूस कधीतरी लग्नाकार्याला विमानात बसणारा नाही. वैद्यकीय उपकरणं विकतो, महिन्यातून चार-पाच फेऱ्या, अशी अठरा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं तो पट्टा बांधता बांधताच घोरायला लागायचा. एकदाही इंजिन बंद पडलं नाही, काही नाही. तरी भीती वाढतच चालली आहे.

“सवयीने भीती जाते ना? मग माझी वाढते कशी?” असं तो विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. ज्याची भीती वाटते त्याला पुन्हा पुन्हा सामोरं जा, हाच तर या भीतीवरच्या उपचाराचा गाभा. मग शेकडो वेळा सामोरा गेलेला माणूस आतापर्यंत ठणठणीत व्हायला हवा होता.

गोम अशी आहे की मेंदू फेऱ्या मोजत नाही. प्रत्येक फेरीतून आपण काय शिकलो, ते तो साठवतो. मित्राच्या मेंदूने ‘विमान सुखरूप उतरतं’ हे शिकलेलंच नाही. तो शिकलाय, ‘पत्र्याला हात लावला, रामरक्षा म्हटली, नजर ठेवली, म्हणून या वेळी वाचलो.’ श्रेय विमानाला मिळतच नाही, सगळं तोडग्यांना जातं. त्यात चाकं धावपट्टीला टेकली की त्याचा जीव भांड्यात पडतो. ही सुटका म्हणजे मेंदूच्या लेखी बक्षीस. एखादी कृती केल्यावर त्रास संपला, की ती कृती पक्की होते. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. म्हणजे दर फेरीला तोडगे आणखी घट्ट होतात, आणि तोडग्यांची गरज पडते तर धोका असणारच, हेही त्याबरोबर घट्ट होतं.

गोळीचंही तसंच होतं. विमानाच्या भीतीवर अल्प्राझोलाम घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी विमानाला घाबरणाऱ्या २८ स्त्रियांना आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानातून नेलं. पहिल्या वेळी काहींना ही गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गोळीवाल्यांना भीती कमी वाटली, गंमत म्हणजे हृदयाचे ठोके मात्र त्यांचेच जास्त पडत होते. दुसऱ्या वेळी कुणालाच औषध नव्हतं. पहिल्या फेरीत गोळी घेतलेल्यांपैकी ७ टक्क्यांना भीतीचा तीव्र झटका आला होता, दुसऱ्या फेरीत तो ७१ टक्क्यांना आला. खोट्या गोळीवाल्यांची भीती मात्र उतरली होती. त्यांनी पहिला प्रवास स्वतःच्या बळावर केला होता, आणि तो त्यांच्या खात्यावर जमा झाला. (ही गोळी रोज घेणाऱ्यांनी हे वाचून ती मनानेच बंद करू नये, ते धोक्याचं असतं. डॉक्टरांशी बोलावं.)

या भीतीला खतपाणी घालायला शरीर तयारच असतं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा जोर कमी करतात, विमानाचा चढ जरा कमी होतो. आपल्या कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट पडद्यावर बसलेले असतात, आणि वेग बदलला की ते सरकतात. पण वेगवाढ कमी होणं आणि खाली जाणं यातला फरक त्यांना नीट कळत नाही. डोळ्यांनाही बाहेरचं क्षितिज दिसत नसलं, की मेंदू निकाल देतो: पडतोय. लिफ्ट थांबायच्या बेतात असताना पोटात जसा गोळा येतो, तसंच हे. विमान त्या वेळी चढतच असतं.

शिवाय आतली हवा विरळ. बऱ्याच विमानांमध्ये ती साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी ठेवलेली असते, म्हणजे आपण सिमल्याच्या आसपासच्या उंचीवर बसलेलो असतो. हृदय थोडं जास्त धडधडतं. पहाटे तीनला उठून विमानतळावर दोन कॉफ्या झालेल्या असतात, त्यांचीही भर. ज्याला भीती नाही तो त्या धडधडीकडे लक्ष देत नाही. मित्र देतो, धडधड म्हणजे धोका असं धरतो, त्याने ती आणखी वाढते.

आणि बातम्या. १२ जून २०२५ला अहमदाबादला विमान पडलं, आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्यानंतर महिनाभर मित्र नागपूरला समृद्धी महामार्गाने गाडी चालवत गेला. मी त्याला आकडे सांगितले: २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. तो म्हणाला, “माहितेय रे.” माहीत असतंच. पण जे चटकन डोळ्यांसमोर उभं राहतं ते वारंवार घडतं असं मनाला वाटतं, आणि रस्त्यावरचे मृत्यू एकेक, दोन-दोन, आतल्या पानावर येतात. ११ सप्टेंबर २००१नंतर अमेरिकेतही पुष्कळ लोक विमान टाळून गाडीने फिरू लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या बारा महिन्यांत त्यापायी सुमारे १,५०० माणसं रस्त्यांवर जास्तीची मेली.

“पूर्वी इतके हादरे बसायचे नाहीत,” ही त्याची तक्रार मात्र मी उडवून लावत नाही. उत्तर अटलांटिकवर स्वच्छ, म्हणजे ढग नसलेल्या हवेतले तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढल्याचं रीडिंग विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात दिसलं. हवामानबदलाशी त्याचा संबंध जोडला जातो. पण म्हणून पंख तुटत नाहीत. बोइंग ७७७चा पंख १९९५ साली जमिनीवर मुद्दाम वाकवत नेला, तेव्हा तो अपेक्षित कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर मोडला, आणि तोवर त्याचं टोक २४ फूट वर गेलं होतं. पट्टा न बांधलेल्या माणसाला हादऱ्याची भीती वाटली तर ती योग्यच आहे.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क यांच्या संशोधनातून पुढे आलेली पद्धत मला पटते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी, जास्त ठसठशीत आठवण तयार करावी लागते. त्यासाठी आधी आपलं भाकीत नेमकं लिहायचं, तोडगे एकेक करून सोडायचे, आणि काय घडलं ते पडताळायचं. भाकीत जितकं सपशेल चुकेल तितका धडा पक्का.

मागच्या महिन्यात हैदराबादहून येताना त्याने फोनमध्ये लिहिलं: ‘घाटावर हादरे बसले तर मी ओरडेन.’ पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतो, त्यामुळे मुंबईकडे उतरताना तिथे विमान बऱ्याचदा हलतं. हललंच. दोन वेळा चांगलं आपटल्यासारखं झालं. शेजारचे काका तोंड उघडं टाकून झोपलेले होते. मित्र ओरडला नाही. पत्र्याला हात लावला नव्हता, एअर होस्टेसकडे बघितलं नव्हतं, ॲप आदल्या दिवशीच फोनमधून काढून टाकलं होतं.

“आणि रामरक्षा?” मी विचारलं.

“ती म्हटली,” तो म्हणाला. “पण भीतीसाठी नाही रे. आईला शब्द दिलाय.”