छंद लिखाणात दिसणे आणि छंद लिखाणात मुरणे

एखाद्या कथालेखिकेला पक्षिनिरीक्षणाचा छंद आहे असे कळले, की वाचक तिच्या कथांमध्ये पक्षी शोधू लागतात. ते सापडले तर छंदाचा लेखनाला उपयोग झाला असे ठरते, आणि सापडले नाहीत तर तिचा छंद आणि तिचे लेखन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे धरले जाते. या समजुतीत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. छंद लेखनाला विषय पुरवतो ही एक गोष्ट, आणि छंदामुळे डोळ्याला, हाताला व विचाराला लागलेले वळण लेखनात उतरते ही दुसरी. पहिलीला मी छंद लिखाणात दिसणे म्हणेन आणि दुसरीला छंद लिखाणात मुरणे.

दिसणारा छंद ओळखायला सोपा असतो, कारण तो नामांमध्ये वस्ती करून असतो. पक्ष्यांची, अवजारांची, रागांची, टाक्यांची नावे आली की तो आला. ललित गद्यात तर छंद हाच सरळ विषय होऊ शकतो. ओरिगामी, लाकडातले कोरीवकाम आणि बासरी यांत रमणाऱ्या अनिल अवचटांनी ‘छंदांविषयी’ हे पुस्तकच लिहिले. तिथे लेखकाला जे जे ठाऊक आहे ते सांगण्याला पूर्ण मोकळीक असते. कथा-कादंबरीत ती मोकळीक नसते. पात्राला जेवढे ठाऊक असायला हवे त्यापेक्षा लेखकाला अधिक ठाऊक असते, ते सांगण्याचा मोह अनावर होतो, आणि प्रसंग थांबून माहिती सुरू होते.

मुरलेला छंद नामांत सापडत नाही. तो शोधायचा तर वाक्यांच्या क्रमाकडे पाहावे लागते. अनुभवी पक्षिनिरीक्षक पुष्कळदा पक्ष्याला रंगावरून ओळखण्याआधी त्याच्या हालचालीवरून ओळखतो, कारण पहाटेच्या अपुऱ्या उजेडात रंग कळत नाही, पण शेपूट खालीवर होण्याची लय आणि उडण्याची ढब मात्र कळते. अशा माणसाने कथा लिहिली, तर त्याचे पात्र खोलीत शिरताना आधी त्याचे चालणे येईल, दारापाशी क्षणभर अडखळणे येईल, आणि चेहरा बराच नंतर येईल. त्या कथेत एकही पक्षी नसेल, तरी ती लिहिणारा माणूस पक्षी पाहणारा आहे.

दोन्ही गोष्टी एकाच लेखकात स्वतंत्रपणे पाहायच्या असतील, तर रशियन-अमेरिकन कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांना बुद्धिबळाच्या समस्या, म्हणजे ठरावीक चालींत मात कशी करायची हे शोधायला लावणारी पटावरची कोडी, रचण्याचा छंद होता. 1930 मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या एका कादंबरीचा नायकच बुद्धिबळपटू आहे. तिथे छंद उघड दिसतो. पण आत्मचरित्रात त्यांनी याहून महत्त्वाची गोष्ट मांडली आहे: बुद्धिबळाच्या समस्येतला खरा सामना पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्यांमध्ये नसून समस्या रचणारा आणि ती सोडवू पाहणारा यांच्यात असतो, आणि उत्तम कथात्म साहित्यातही खरा सामना पात्रापात्रांतला नसून लेखक आणि वाचक यांच्यातला असतो. ही जाण पटावर बसून आलेली आहे, आणि पट नसलेल्या कादंबरीतही ती तशीच वापरता येते. समस्या रचणाऱ्यांचा आणखी एक दंडक असा, की पटावर विनाकारण एकही सोंगटी ठेवायची नाही. ज्याने हा दंडक वर्षानुवर्षे पाळला, त्याला कथेतले निष्कारण पात्र खुपणारच.

त्यांचा दुसरा छंद फुलपाखरांचा. 1940 च्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात काम करताना ते सूक्ष्मदर्शकाखाली पंखांवरच्या खवल्यांच्या ओळी मोजत असत. निळ्या फुलपाखरांचा एक गट आशियातून अमेरिका खंडात लाटालाटांनी आला, हे त्यांनी 1945 मध्ये मांडलेले अनुमान 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने खरे ठरवले. त्यांच्या गद्यातल्या तपशिलाच्या नेमकेपणाचे मूळ मला या मोजणीत दिसते. हे माझे वाचन आहे, पण ते त्यांच्या पुस्तकांतली फुलपाखरे मोजून आलेले नाही.

माझ्यापुरता फरक मला विणकामाने शिकवला. विणकाम करणाऱ्या बाईवर मी एक कथा लिहिली, तिच्यात सुलट-उलट टाक्यांपासून लोकरीच्या पिळापर्यंत सगळे अचूक होते, आणि ती बाई मात्र शेवटपर्यंत उभी राहिली नाही. काही वर्षांनी दोन बहिणींच्या दुराव्याची कथा लिहीत असताना, बाराव्या पानावरची चूक तिसऱ्या पानावर सुरू झाली आहे हे लक्षात आले, आणि मी नऊ पाने फारशी हळहळ न करता काढून टाकली. चुकलेला टाका वरून झाकता येत नाही, तिथपर्यंत उसवावेच लागते, हे हातांना आधीच ठाऊक होते. त्या कथेत लोकरीचा धागासुद्धा नाही, तरी माझ्या विणकामाचे ऋण आहे ते तिच्यावरच.

याचा अर्थ दिसणारा छंद कमी प्रतीचा, असा नाही. खरी माहिती कथेला जमीन देते. मात्र लेखनाला सामग्री मिळावी म्हणून मुद्दाम धरलेल्या छंदातून सहसा तेवढीच मिळते. वळण लागायला त्या गोष्टीचा तिच्यासाठीच नाद लागावा लागतो, आणि वेळ जावा लागतो. मराठीत ‘छंद’ हा शब्द आवडीसाठीही आहे आणि काव्यरचनेच्या बंधासाठीही. छंद जोपासणे म्हणजे आपखुशीने एक नियम पत्करून तो पुन्हा पुन्हा पाळणे, हे दुसऱ्या अर्थामुळे चटकन ध्यानात येते.

काही वेळा दोहोंमधली रेषा टिकत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांना लहानपणापासून नव्या भाषा रचण्याचा नाद होता, आणि त्या भाषांना बोलणारी माणसे व इतिहास हवा म्हणून आपल्या कथा घडल्या, असे ते सांगत. तिथे छंद कथेत दिसतो की कथेत मुरला आहे, हा प्रश्नच उलटा होतो, कारण कथाच छंदाच्या पोटातून निघालेली असते.