३०० शोधनिबंध, म्हणून सगळं खरं?
लातूर-परभणीकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर: ‘या विषाणूतज्ज्ञांचे ३०० शोधनिबंध आहेत, म्हणजे ते म्हणतात ते खरंच.’

आकडा खरा असूही शकतो. पण एकेका निबंधावर वीस-वीस नावं असतात. जीववैद्यकात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं. मधल्यांपैकी कुणी नुसते नमुने पुरवलेले असतात. मग एच-निर्देशांक बघावा? तो २० म्हणजे त्या व्यक्तीच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा इतर निबंधांत संदर्भ दिलेला. गंमत अशी, की खोडून काढायला दिलेला संदर्भही त्यात धरला जातो.

पबमेडवर (जीववैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) नाव टाका, मोफत आहे. (एकाच नावाचे अनेक निघतात, संस्थाही जुळवा.) मागे घेतलेल्या निबंधावर तशी ठळक सूचना असते. मग मेसेजमधला दावा नेमका कुठल्या निबंधात आहे, ते शोधा. कधी कधी निबंध डेंग्यूवर आणि दावा कांजिण्यांवर असतो.