प्रतिबंधात्मक पद्धती (डॉन बॉस्को)

कॅथलिक युवाकार्यातील एक शिक्षण व नेतृत्वपद्धती. संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) या इटालियन धर्मगुरूंनी ती उत्तर इटलीतील तुरीन शहरात घडवली. विवेकबुद्धी, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार आहेत. चूक घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक घडण्याआधी मुलाच्या सोबत असावे, हे तिचे मुख्य सूत्र आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तुरीनमध्ये खेड्यापाड्यांतून मजुरीसाठी आलेली पोरकी मुले मोठ्या संख्येने होती. ८ डिसेंबर १८४१ रोजी, चर्चमधील मिस्साची (कॅथलिक उपासनाविधीची) वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, मिस्सासेवा (त्या विधीत धर्मगुरूला मदत करणे) येत नाही म्हणून चर्चचा सेवक एका गवंडीकाम करणाऱ्या मुलाला मारून हाकलत होता. बॉस्को यांनी ‘तो माझा मित्र आहे’ असे सांगून मुलाला परत बोलावले. लिहितावाचता येते का, गाता येते का, या प्रश्नांना मुलगा नकार देत गेला. शिट्टी वाजवता येते का, असे विचारताच मात्र तो हसला. बार्तोलोमेओ गारेल्ली या मुलाच्या भेटीपासून बॉस्को यांच्या कार्याचा आरंभ मानला जातो. १८४६ मध्ये वाल्दोक्को भागातील एका साध्या शेडमध्ये या कार्याला कायमची जागा मिळाली.

पद्धतीचे विवेचन बॉस्को यांनी १८७७ मध्ये एका छोट्या निबंधात केले. नियम आधी समजावून सांगावेत, मोठ्यांनी खेळाच्या मैदानावरही मुलांमध्ये असावे, मारहाण टाळावी आणि चारचौघांत कान उघाडणी न करता एकांतात समजवावे, असे त्यात सांगितले आहे. खेळ रंगात असताना एखाद्या मुलाच्या कानाशी वाकून दोन शब्द बोलण्याची त्यांची स्वतःची सवय होती. या पद्धतीला निव्वळ सौम्यपणा समजणे चुकीचे ठरेल. सतत हजर राहण्याची ही शिस्त शिक्षा करण्यापेक्षा कितीतरी अवघड असून तिचा भार मुलापेक्षा शिक्षकावर अधिक पडतो. पापनिवेदन (धर्मगुरूसमोर पापांची कबुली) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) हे तिचे आध्यात्मिक खांब आहेत, परंतु त्यांची सक्ती करू नये, असा बॉस्को यांचा आग्रह होता. कॅथलिक श्रद्धेनुसार कृपा हे देवाचे मोफत दान आहे, आणि दान गळी उतरवता येत नाही.

नेतृत्व केवळ धर्मगुरूंकडे नव्हते. दोमिनिक साव्हियो या विद्यार्थ्याने १८५६ मध्ये मित्रांसह निष्कलंक मरियेचा संघ स्थापन केला. एकट्या पडलेल्या किंवा वळणावर न येणाऱ्या मुलांची काळजी त्यातील सदस्य वाटून घेत. साव्हियो १८५७ मध्ये, पंधरा वर्षांचा होण्याआधीच वारला. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या सालेशियन संघाच्या (बॉस्को यांच्या धर्मसंघाच्या) पहिल्या सदस्यांपैकी अनेकजण याच मुलांमधून आले होते.

त्याआधी, १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत, वाल्दोक्कोची मुले रुग्णांच्या सेवेला गेली. हात धुण्यासाठी व्हिनेगरची बाटली जवळ ठेवा आणि अंतःकरण कृपावस्थेत (गंभीर पापापासून मुक्त) ठेवा, असे बॉस्को यांनी त्यांना बजावले होते. रुग्णांसाठी चादरी संपल्या तेव्हा बॉस्को यांची आई मार्गारीता यांनी वेदीवरची वस्त्रेही काढून दिली, असे चरित्रकार सांगतात.

सालेशियन धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावरला आले आणि पुढे ही पद्धती भारतभर पसरली. मुंबईत माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय याच परंपरेतील आहे. १९३४ मध्ये बॉस्को यांना संतपद देण्यात आले.

पद्धतीचा कस मात्र बॉस्को यांच्या हयातीतच लागला. संस्था वाढल्या, तसे वाल्दोक्कोतील शिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून नजर ठेवू लागले आणि मुले त्यांना टाळू लागली. १० मे १८८४ रोजी रोमहून पाठवलेल्या पत्रात बॉस्को यांनी याबद्दल दुःख व्यक्त केले. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. आणि त्यासाठी शिक्षकांनी पुन्हा मुलांच्या खेळात उतरावे, अशी विनंती केली.